गाठ माझी, केस तुझे

४ जानेवारी

तीर्थरूप ताईसाहेब,

(काही मिनिटं आधी जन्माला येऊन आयुष्यभर थोरलेपण वसूल करणाऱ्या जुळ्या बहिणीला दुसरं काय म्हणणार?)

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. खिशात फोन असताना पत्र का, ते सांगतो. आमच्या समितीपुढे परवा डेटा सुरक्षेचा एक तज्ज्ञ आला होता. बारीक आवाजाचा, सभ्य माणूस. त्याने आम्हा सगळ्यांना फोन टेबलावर ठेवायला सांगितलं, स्वतःच्या लॅपटॉपवर जरा खुडबुड केली आणि माझा पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. त्यात तुझं लहानपणीचं टोपणनाव होतं. समितीतले बारा लोक अजून मला त्या नावाने हाक मारतात. तेव्हापासून ठरवलंय, या विधेयकाबद्दल फोनवर चकार शब्द बोलायचा नाही. आणि शाळेसाठी मी मामाकडे आणि तू घरी अशी वाटणी झाली होती, तेव्हा आपण लिहायचोच की.

आता मुद्द्याचं. ‘एक माणूस, एक आरोग्यनोंद’ हे विधेयक फेब्रुवारीच्या शेवटी सभागृहात मताला येतंय. प्रत्येकाला एक क्रमांक मिळणार. इस्पितळ, दवाखाना, प्रयोगशाळा, शाळा, सगळीकडच्या त्याच्या दुखण्याखुपण्याच्या नोंदी एका जागी. मुलाला शाळेत घालायचं तर क्रमांक हवाच. ऐकायला सोन्यासारखं आहे. पण माझा पासवर्ड चव्हाट्यावर आल्यापासून मला एकच प्रश्न पडतो, ही नोंद उघडणार कोण कोण? आरोग्यमंत्र्यांना विचारलं तर म्हणाले, “अधिकृत व्यक्ती.” अधिकृत व्यक्ती म्हणजे कोण? तर जिच्याकडे पासवर्ड आहे ती. म्हणजे आली का पंचाईत!

मतं अगदी काठावर आहेत. आम्ही काही जण कुंपणावर बसलोय आणि मी ज्या बाजूला उडी मारेन त्या बाजूला बाकीचे येतील, अशी हवा आहे. तुझ्या गावात या योजनेची चाचणी सुरू आहे आणि तू तिथली मुख्याध्यापिका. तेव्हा खरं काय ते तूच सांग. लोकांपुढे उदाहरण म्हणून आम्हा आमदारांनाही त्यात घेतलंय. परवा सगळ्यांना रांगेत उभं करून तपासलं. रक्त, छाती, सोनोग्राफी, काही म्हणजे काही सोडलं नाही.

सोबत माझा नवा फोटो. आईला दाखव. पन्नाशी उलटली तरी केस बघ म्हणावं. लोक तेलाचं नाव विचारतात.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि माझं टोपणनाव चारचौघांत नेल्याबद्दल एक चापट.

फोटो मिळाला. आई तो घेऊन सगळ्या शेजारणींकडे फिरून आली. तुझे भावोजी आरशापुढे उभे राहून स्वतःचं टक्कल चाचपत होते. तेलाचं नाव लवकर कळव, म्हणजे घरात शांतता नांदेल.

आता विधेयक. डोळे मिटून हात वर कर. गेल्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी मैदानावर पळता पळता मटकन खाली बसली. नवीन आलेली, आईबाप दोघंही कामावर, फोन कुणाचा लागेना. एरवी आम्ही काय केलं असतं? वारा घातला असता आणि प्रत्येकाने एकेक सल्ला दिला असता. कारकुनाने तिचा क्रमांक टाकला. लहानपणापासूनचा मधुमेह. साखर उतरली होती. शुद्धीवर होती म्हणून खेळाच्या बाईंनी लगेच साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने पोरगी उठून विचारते, “शर्यत कोण जिंकलं?” मी खुर्चीत बसून डोळे पुसले, हे तुला म्हणून सांगते.

कुठल्या मुलाला कुठली लस झाली हे कुठल्याच आईला धड आठवत नाही. आता एका बटणावर कळतं. फळा दिसत नाही म्हणून मागच्या बाकावर ‘ढ’ ठरलेल्या तिघांना या महिन्यात चष्मे लागले. त्यातला एक आता पहिल्या पाचात येईल, लिहून ठेव.

आणि उघडणार कोण म्हणून काय घाबरतोस? आमच्याकडे मी, कारकून आणि शिक्षक. सगळी आपलीच माणसं. शिक्षकांच्या नोंदीही त्यातच आहेत, कुणाचं काय बिघडलं? कुंपणावर बसून ओरखड्यांशिवाय काही मिळत नाही, खाली उतर.

आई मजेत. मी ठणठणीत. मध्यंतरी इस्पितळात चकरा झाल्या, पण त्या शाळेच्याच कामाने.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या मुलीचं वाचून फार बरं वाटलं. शेवटी तब्येत हीच खरी दौलत. हसू नकोस.

इकडे सगळं उत्तम. पहाटे फिरायला जातो. तळलेलं सोडलंय. परवा भाषणात विरोधी पक्षनेत्यांची मनापासून स्तुती केली, तर त्यांनाच घाम फुटला. हल्ली वाटतं, चार दिवसांचं आयुष्य, त्यात कटुता कशाला?

एक किरकोळ चौकशी. आपल्या घराण्यात कुणाला मानेत, घशापाशी, गाठबिठ होती का गं? आत्याला? आजोबांना? माझ्या मतदारसंघात एक गृहस्थ आहेत. माझ्याच वयाचे, स्वभावाने अतिशय चांगले, लोकांसाठी झटणारे. त्यांनी आपली आरोग्यनोंद उघडली तर वर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘मानेत गाठ, सुई घालून तपासणी आवश्यक’. बिचाऱ्यांना बायकोला सांगायचा धीर होत नाहीये. दिवसभर मान चाचपत बसतात. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

तुझ्या धाकटीला माझं घड्याळ आवडायचं ना? कुरिअरने पाठवलंय. मामाची आठवण म्हणून वापरू दे. आईला जप. भावोजींशी मी तेलावरून चेष्टा केली असेल तर मनावर घेऊ नका म्हणावं.

लहानपणी आपण दोघं एका पांघरुणासाठी भांडायचो. आता वाटतं, सगळं तुलाच द्यायला हवं होतं.

तुझा भाऊ


२९ जानेवारी

अरे वेड्या,

आधी खुर्चीत बस, मग हे वाच.

घड्याळ मिळालं. धाकटी खूश आणि मी बुचकळ्यात. त्या अतिशय चांगल्या, लोकांसाठी झटणाऱ्या गृहस्थांना आपल्या घराण्याची चौकशी कशाला हवी? आणि असा माणूस तुझ्या मतदारसंघात असेल तर लोक तुला मत का देतात? असं मनात म्हणत मी हसले, पण मग तुझ्या पत्रातली ती ‘मानेत गाठ’ पुन्हा एकदा वाचली. का, ते पुढे सांगते.

काल मी शाळेत माझी स्वतःची नोंद उघडली. एका तपासणीची तारीख बघायची होती. खाली खाली जाते तो काय! ‘डोक्याच्या पुढील भागात केशरोपण, दोन टप्प्यांत. मागील बाजूचे केस वापरले.’ तारीख गेल्या वर्षीची. तू महिनाभर टोपी घालून फिरत होतास ना, उन्हाचा त्रास होतो म्हणून? तेव्हाची. ते क्लिनिकही या योजनेत सामील झालंय, हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं.

मी इतकी हसले की कारकून पाण्याचा पेला घेऊन धावत आला. तेल म्हणे! आईने त्या तेलासाठी तुझ्या भावोजींना बाजारभर पिदडलंय.

मग माझं हसू एकदम थांबलं. तुझं माझ्याकडे आलंय, तर माझं कुठे गेलं?

बघ आता. आपला जन्म एका दिवसाचा, एका इस्पितळातला. आईबाप तेच. नावाचं पहिलं अक्षर तेच. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या तूच वाजवल्या होत्यास. त्या कॉम्प्युटरला वाटलं, माणूस एकच आहे, चुकून दोनदा नोंदवलाय. त्याने इमानेइतबारे दोघांना एक करून टाकलं. जुळी भावंडं नावाचा प्रकार जगात असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नाही. स्त्री की पुरुष यातही घोळ दिसला असणार, तो त्याने परस्पर मिटवला. माझ्या नोंदीत मी आता पुरुष आहे, दोन बाळंतपणं झालेला पुरुष. तू ती लाल ओळ सोडून खाली काही वाचलंस का रे?

तेव्हा नीट ऐक. तुला काहीही झालेलं नाही. गाठ माझी आहे. केस तुझे.

डिसेंबरात लक्षात आलं. थायरॉइडची गाठ आहे, आवंढा गिळताना अडकल्यासारखं वाटतं. सुई घालून तपासायची आहे, मार्चच्या सुरुवातीची तारीख मिळाली आहे. हे तुझ्या भावोजींना ठाऊक आहे, आणखी कुणालाही नाही. आईला नाही, मुलींना नाही. निकाल हातात आला की सांगणारच होते, माझ्या पद्धतीने, आईचं जेवण झाल्यावर, तुझं अधिवेशन संपल्यावर. खरं सांगू? मला भीती वाटते. ती बोलून दाखवायची माझी तयारी व्हायच्या आत तुला कळलं, आणि कळलं तेही तुझंच दुखणं म्हणून. इतके दिवस तू माझ्या वाटचं रडत होतास रे.

घड्याळ परत मिळणार नाही.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हुश्श केलं. मग त्या हुश्शची लाज वाटली. मग अशी भीती वाटली की स्वतःच्या गाठीचीसुद्धा वाटली नव्हती. तुझी मान, तुझा आवाज, ज्या आवाजाने तू अख्खं मैदान गप्प करतेस, त्याला काही व्हायचं नाही. मी होऊ देणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते आमदाराच्या हातात नसतं.

मी पुरता गाढव ठरलो. लाल अक्षरांखाली मी काहीच वाचलं नव्हतं. आम्हा लोकांची सवयच ती, पहिलं पान वाचायचं आणि मत बनवून मोकळं व्हायचं. काल सगळं वाचलं. खरंच दोन बाळंतपणं आहेत. आणि ज्या गाठीला मी येताजाता हात लावत होतो तिला कंठमणी म्हणतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो सगळ्या पुरुषांना असतो. बायकोला अखेर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “केसांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्हाला आनंद होत होता म्हणून गप्प बसले.”

पण ताई, एक गोष्ट हसण्यासारखी नाही. तुझ्या नोंदीत रक्तगट बघ. माझा ए, तुझा बी. आता दोन्हीकडे एकच लिहिलाय, आणि तो माझा आहे. उद्या तुला रक्त द्यायची वेळ आली तर? आजच्या आज इस्पितळात सांग.

मी ठरवलंय. मंत्री रोज म्हणतात, चाचणीतली एक तरी चूक दाखवा. घ्या म्हणावं चूक! माझी सख्खी जुळी बहीण, मुख्याध्यापिका, मानेत गाठ आणि नोंदीत भलताच रक्तगट. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. भाषण लिहून तयार आहे. शेवटच्या परिच्छेदाला माझंच मन भरून आलं. हे विधेयक आडवं करूनच दाखवतो.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

खबरदार!

रक्तगटाचं सांगितलंस ते फार बरं केलंस. मी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं, पुन्हा रक्त तपासून घेतलं. पण ते भाषण फाडून टाक.

कॉम्प्युटरने माझं दुखणं मला न विचारता एका माणसाला सांगितलं, म्हणून तू चवताळलास. आणि आता तेच तू मला न विचारता भर सभागृहात सांगणार? मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? त्याला निदान मन नाही. आई रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसून तुझा चेहरा शोधते. माझ्या मानेतली गाठ तिला बातम्यांतून कळायला हवी का?

मी तुला लिहिलं होतं, सगळी आपलीच माणसं. आपलीच आहेत, तिथेच तर अडलंय. आपलेच दात, आपलेच ओठ. आता कळलं, माझी लाल ओळ शाळेत सगळ्यांनी आधीच वाचली आहे. कारकून न मागता गरम पाणी आणून ठेवतो. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. एक बाई परवा काही कारण नसताना माझा हात हातात घेऊन बसल्या. कुणी वाईट वागत नाही, सगळे जीव लावतात, आणि मला ओरडायची चोरी झाली आहे. सगळ्यांना जिची कीव येते त्या मुख्याध्यापिकेचं कोण ऐकणार? मला काय झालंय हे मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि तरी ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी माझ्याच शाळेत उघडी पडल्यासारखी वावरते.

मी तर मोठी आहे, निभावेन. पाचवीतल्या एका मुलीचं झोपेत अंथरूण ओलं होतं, त्याची गोळी चालू आहे. सहलीच्या आदल्या दिवशी तिच्या बाईंनी चांगल्या मनाने, भर वर्गात आठवण केली, “तुझी ती रात्रीची गोळी विसरू नकोस हं, नाहीतर अंथरूण भिजेल.” ती सहलीला आली नाही. नंतर शाळेतही येईना. मी घरी गेले तर पलंगाखाली लपली. तिला काय सांगू, की एक अधिकृत व्यक्ती बोलून गेली?

तेव्हा तुझी शंका खरी होती आणि मी घाई केली. पण विधेयक पाडायचं नाही, हेही ऐकून ठेव. मैदानावर बसलेली ती मुलगी या नोंदीमुळे उठली. घराला कुलूप नाही म्हणून कुणी घर पाडत नाही. कुलूप लाव. ज्याचं दुखणं त्याच्या हातात किल्ली दे. कसं ते तुझं तू बघ, कायदे तू करतोस. माझी गोष्ट मात्र माझी आहे. सभागृहात काही सांगायचंच असेल तर स्वतःचं सांग.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल मतदान झालं. टीव्हीवर पाहिलं असशीलच, पण बातम्यांत फक्त केसांचं दाखवलं, म्हणून सगळं लिहितो.

तुझ्या पत्रानंतर मी त्या तज्ज्ञाला गाठून दुरुस्ती तयार केली. नोंद ज्याची, किल्ली त्याची. कुणाला उघडायची असेल तर त्याने आधी विचारायचं. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टरांनी न विचारता उघडावी, पण कुणी उघडली ते त्या माणसाला कळलंच पाहिजे. शाळेला मुलाचं दुखणं दिसणार नाही, अडचणीच्या वेळी काय करायचं तेवढंच दिसेल. आणि दोन नोंदी एक करायच्या आधी माणसांना विचारायचं.

मंत्री उठले. म्हणाले, “सन्माननीय सदस्य बागुलबुवा दाखवताहेत. चाचणीत लाखो नोंदी झाल्या, एकही चूक नाही. असेल तर दाखवा!” त्यांच्या बाकांवरून “दाखवा, दाखवा” सुरू झालं.

ताई, तुझी गोष्ट जिभेच्या टोकावर होती. ते जुनं भाषण खिशात होतं, मी फाडलं नव्हतं. चार वाक्यं बोललो असतो की सभागृह माझं होतं. शेजारचा सदस्य कोपराने ढोसत होता, “अरे बोल, बोल.” मी पेला उचलला, खाली ठेवला. मी बोललो तर शिक्षकांच्या खोलीसारखी सगळी गावं तुझ्यासमोर गप्प होतील, एवढंच डोक्यात आलं.

मग मी म्हणालो, “अध्यक्षमहोदय, चूक दाखवतो. सभागृहाने माझ्या केसांकडे पाहावं.”

सगळ्यांनी पाहिलं.

“हे तेलाने आलेले नाहीत. मागचे उपटून पुढे लावलेले आहेत. ही गोष्ट मी जन्मदात्या आईपासून लपवली. आणि तरी हे केस गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका माणसाच्या आरोग्यनोंदीत उगवले.”

असा हशा मी माझ्या हयातीत ऐकला नाही. लोक बाकं बडवत होते. अध्यक्ष तोंडापुढे कागद धरून हलत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर सगळ्यांसमोर उघडली. मी हसणं संपेपर्यंत उभा राहिलो आणि मग म्हणालो, “केसांबरोबर माझा रक्तगटही त्या माणसाच्या नोंदीत गेला. त्या माणसाला रक्त द्यायची वेळ आली असती, तर आपण आज हसत नसतो.”

हशा विरला. मंत्री पुन्हा उठले. “कोण हा माणूस? त्याचं नाव सांगा. त्याला काय झालंय ते सांगा. त्याशिवाय कसं मानायचं?”

“ते मी सांगणार नाही,” मी म्हणालो. “ते सांगायचा हक्क फक्त त्या माणसाला आहे. माझी दुरुस्ती एवढंच म्हणते.”

आणि खाली बसलो. खिशातलं जुनं भाषण बाहेर डोकावायला लागलं होतं म्हणून बसलो, लोकांना वाटलं रुबाबात बसलो.

दुरुस्ती मंजूर झाली, आणि दुरुस्तीसकट विधेयकही. मंत्र्यांच्या बाजूच्या काही जणांनीही आम्हाला मत दिलं. ते त्याच क्लिनिकचे गिऱ्हाईक असावेत असा माझा संशय आहे. नंतर व्हरांड्यात मंत्र्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता काही तरी ऐकवणार. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, “त्या क्लिनिकचा पत्ता द्याल का जरा?”

व्यंगचित्रकारांनी मला आठवडाभराचं काम म्हणून धरलंय. खुशाल काढू देत. खोटं बोलून केस विंचरण्यापेक्षा हे बरं.

तुझी तपासणी आता आलीच. निकाल कधी ते विचारत नाही. पण झोप लागत नाही, एवढं सांगून ठेवतो.

तुझा,
धाकटा


२१ मार्च

माझ्या गुणी धाकट्यास,

आईने आणि मी तुझं भाषण टीव्हीवर थेट, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तू केसांचं बोललास तेव्हा म्हणाली, “तरी म्हटलं, माझ्या माहेरच्या पुरुषांना पन्नाशीनंतर केस राहतातच कसे!” भावोजी दोन दिवस घरात शीळ घालत फिरत होते. पण शेवटचं ते वाक्य तू बोललास, ‘ते मी सांगणार नाही’, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. तू मला सगळ्यांसमोर झाकलंस, हे मला तिथे उभं राहून कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की तू थोरला असतास तरी चाललं असतं.

त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. तू एवढ्या लोकांत स्वतःचं सांगू शकतोस, तर मला एका आईला सांगायला काय झालं? तिने आधी टीव्ही बंद केला. मग माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाली, “दुखतं का गं?” बस्स. मी लहान मुलीसारखी तिच्या मांडीत रडले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत उभं राहून माझ्या तोंडाने सगळं सांगितलं, आणि खाली बसायच्या आत उशिरा आलेल्या दोघांना झापलं. खोलीत पुन्हा बडबड सुरू झाली आहे. गरम पाणी बंद, चहा चालू.

पाचवीतली ती मुलगी येते. तिच्या बाईंनी घरी जाऊन तिची क्षमा मागितली.

आता तुझ्या कायद्याविषयी. सगळीकडे लागू व्हायला वेळ लागेल, पण चाचणीच्या गावांत कुलूप लगेच बसवलं. आपल्या नोंदी वेगळ्या झाल्या, मी पुन्हा बाई झाले. काल माझ्या फोनवर पहिलीच विचारणा आली. ‘आपली आरोग्यनोंद पाहण्यासाठी परवानगी हवी आहे. होय की नाही?’ मला वाटलं डॉक्टर असतील. खाली नाव बघते तर तू! लबाडा, कायद्याची शाई वाळली नाही आणि पहिला तूच दारात?

मी ‘नाही’ दाबलं. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा ‘नाही’ दाबलं. रागावला असशील. पण ही बातमी तुला कुठल्या पडद्यावरून कळायला नको होती. ती मला द्यायची होती, माझ्या हाताने.

निकाल आला. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. मोठी आहे म्हणून काढावी लागेल, पण घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि मी ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

परीक्षा आटोपल्या की ऑपरेशन. काल इस्पितळात विचारलं, “तुमच्या तब्येतीचं सगळं कुणाला सांगायचं?” भावोजींना म्हटलं, तुम्ही आईपाशी थांबा, तिला तुमच्याशिवाय कुणी आवरणार नाही. आणि मी तुझं नाव दिलं.

रजा काढून ये.

तुझी,
ताई